घरच्या माणसांची स्पॅनिश ओळख

गेल्या अंकात स्पॅनिशच्या पहिल्या धड्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातून आलेली बरीच पत्रं घरच्या माणसांपाशीच येऊन अडली आहेत. मला याचा आनंद वाटतो. टिळकवाडीतल्या माझ्या वर्गात मुलं ‘ओला’ (नमस्कार), ‘ग्रासियास’ (धन्यवाद) पटकन शिकतात, पण आई, आज्जी, काका यांच्याबद्दल बोलायची वेळ आली की भाषेची खरी गरज पडते. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीतच देते आहे. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पॅनिश शब्दात ‘ह’ दिसला की तो घशातून, थोडा ‘ख’कडे झुकता काढा.

ताई, मी शहापूरची. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ‘डेले’ची, म्हणजे स्पॅनिश येत असल्याच्या दाखल्याची, ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची आहे. तोंडी परीक्षेत स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल बोलावं लागतं. आमचं घर एकत्र, अकरा माणसं. पुस्तकात आईबाबा, भाऊ, बहीण आणि कुत्रा एवढंच आहे. काका-काकू, आत्ती, चुलत भावंडं यांचं काय करू?

आधी एक ठरवून टाक. पुस्तकातल्या घराची ओळख करून द्यायची नाही, स्वतःच्या घराचीच द्यायची. पाठ केलेलं चार माणसांचं घर परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नालाच संपतं. तुझ्या घरात सांगण्यासारखं भरपूर आहे.

सुरुवात आकड्यानं कर. ‘सोमोस ओन्से एन कासा’, आम्ही घरात अकराजण आहोत. मग ‘बीबो कोन मिस पाद्रेस, मिस तीओस इ मिस प्रीमोस’, म्हणजे मी आईवडील, काका-काकू आणि चुलत भावंडांबरोबर राहते. या एका वाक्यात बहुतेक घर आलं, कारण स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी अनेकवचनात बायकाही येतात. ‘पाद्रे’ म्हणजे वडील, ‘पाद्रेस’ म्हणजे आईवडील. ‘तीओ’ म्हणजे काका, ‘तीओस’ म्हणजे काका-काकू मिळून. ‘एर्मानोस’ म्हणजे भाऊ-बहिणी, ‘आब्वेलोस’ म्हणजे आजी-आजोबा.

आपली मुलं हमखास अडखळतात ती याच ठिकाणी. मराठीत आपण ‘माझे वडील शिक्षक आहेत’ म्हणतो. वडील एकच, पण मान म्हणून अनेकवचन. तीच सवय घेऊन मुलं ‘मिस पाद्रेस सोन माएस्त्रोस’ म्हणून जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आई आणि वडील दोघंही शिक्षक आहेत. स्पॅनिशमध्ये माणूस एक असेल तर क्रियापदही एकवचनी: ‘मि पाद्रे एस माएस्त्रो’. येळ्ळूरचा एक मुलगा वर्गात मोबाइलवर बहिणीच्या लग्नाचा फोटो दाखवत घरच्यांची ओळख करून देत होता. फेटा बांधलेल्या वडिलांवर बोट ठेवलं आणि ‘एस’ म्हणताना थांबला. बाबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटतं, म्हणाला. त्याचं वाटणं अगदी खरं आहे. पण स्पॅनिशमध्ये मान क्रियापदाच्या अनेकवचनात दाखवत नाहीत, त्याची जागा वेगळी आहे. ती पुढे निपाणीच्या वहिनींच्या उत्तरात येते. तू निर्धास्तपणे ‘एस’ म्हण.

आता आत्ती. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे ‘तीओ’. काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्या ‘तीआ’. चुलत, मामे, आते, मावस, सगळी भावंडं ‘प्रीमो’ नाहीतर ‘प्रीमा’. आपल्याला हे फार मोघम वाटतं. मग ‘दे’ वापरून नातं उलगडून सांगायचं: ‘मि तीआ, ला एर्माना दे मि पाद्रे’, माझी आत्या, वडिलांची बहीण. नुसतं ‘मि तीआ’ म्हटलंस तरी चूक नाही, पण एकदा तरी ‘दे’चं वाक्य घे असं मी सांगेन. आपण ‘चा, ची, चे’ लावून जे काम करतो ते स्पॅनिशमध्ये हा ‘दे’ करतो, आणि तो जमला की कुठलंही नातं सांगता येतं. मोठा-धाकटा सांगायला ‘मायोर’ आणि ‘मेनोर’ जोडायचं: ‘मि एर्मानो मायोर’, माझा मोठा भाऊ. शेजारच्या कन्नड घरात अण्णा-तम्मा, अक्का-तंगी असे शब्दच वेगवेगळे असतात, तशी सोय इथे नाही.

‘मि’ हा शब्द स्त्री-पुरुष बघून बदलत नाही: ‘मि पाद्रे’, ‘मि माद्रे’. माणसं अनेक झाली तरच ‘मिस’. ‘आमचा’ मात्र बदलतो, ‘न्वेस्त्रो’ आणि ‘न्वेस्त्रा’. आणि ‘सु’ जपून वापर. त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा या सगळ्याला एकच ‘सु’ आहे. गोंधळ होईल असं वाटलं तर पुन्हा ‘दे’ घे: ‘ला कासा दे एया’, तिचं घर.

सरावाला टेनिसपटू राफाएल नदालचं घर चांगलं आहे, कारण ते सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. तो मायोर्का बेटावरचा, जन्म १९८६चा. ‘सु तीओ तोनी एरा सु एन्त्रेनादोर’, त्याचे काका तोनी त्याचे प्रशिक्षक होते. ‘सु तीओ मिगेल आन्हेल एरा फुत्बोलीस्ता’, दुसरे काका मिगेल आन्हेल फुटबॉलपटू होते, बार्सिलोनाकडून खेळायचे. ‘सु एर्माना से यामा मारिबेल’, बहिणीचं नाव मारिबेल. हीच वाक्यं घे, नावं बदल, आणि तुझे काका काय करतात ते त्यात घाल.

सगळे ‘आन्योस’चा उच्चार नीट करा म्हणतात. एवढं काय त्यात? (एक विद्यार्थी, अनगोळ)

वय सांगताना ‘आहे’ न म्हणता ‘जवळ असणं’ वापरतात: ‘तेंगो बेइन्ते आन्योस’, मी वीस वर्षांचा आहे. या ‘आन्योस’मधला ‘न्य’ सुटून ‘आनोस’ झालं तर शरीराच्या एका भागाचं नाव होतं आणि ते चारचौघांत बोलायचं नाही. आपल्याला ‘न्याय’, ‘न्यारी’ म्हणता येतं, तेव्हा ‘न्य’ काही अवघड नाही. लिहिताना ‘न’च्या अक्षरावरची नागमोडी रेघ विसरू नको.

मी निपाणीची. मुलगा नोकरीनिमित्त बार्सिलोनात आहे. त्यानं तिथंच लग्न ठरवलंय. मुलगी कोलंबियाची, मेदेयिनची. दिवाळीनंतर तिचे आईवडील फोनवर समोरासमोर बोलणार आहेत. आमच्या घरात सासूबाई, दीर, जाऊ, नणंद सगळ्या बसणार. मुलगा मध्ये बोलेल, पण मला चार वाक्यं तरी माझ्या तोंडानं म्हणायची आहेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. जमेल का?

वहिनी, नक्की जमेल. आणि तुम्ही हे मुलावर न सोडता स्वतः म्हणायचं ठरवलंत हे मला फार आवडलं.

पहिलं वाक्य: ‘लेस प्रेसेन्तो आ मि स्वेग्रा’, तुम्हाला माझ्या सासूबाईंची ओळख करून देते. यातला छोटा ‘आ’ विसरू नका. स्पॅनिशमध्ये क्रिया माणसावर होत असेल तर माणसाच्या आधी ‘आ’ येतो, वस्तूच्या आधी येत नाही. शिकणारे या ‘आ’पाशी फार अडकतात, पण तुम्हाला तो सोपा जाईल. तुम्ही रोज तेच करता. ‘भावाला शोधतेय’ म्हणता, पण ‘पिशवी शोधतेय’ म्हणता, ‘पिशवीला’ म्हणत नाही. जिथे मराठीत माणसाला ‘ला’ लावाल, तिथे स्पॅनिशमध्ये बहुतेक वेळा ‘आ’ येतो.

मग एकेकाकडे हात करा. दीर ‘मि कुन्यादो’, नणंद ‘मि कुन्यादा’. हाच शब्द मेहुण्याला, मेहुणीला, भावजयीलाही चालतो. जावेसाठी मात्र स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, ‘कोंकुन्यादा’, आणि साडूसाठी ‘कोंकुन्यादो’. जीभ अडली तर ‘ला एस्पोसा दे मि कुन्यादो’ म्हणा, दिराची बायको. व्याही-विहिणींनाही शब्द आहे, ‘कोन्स्वेग्रो’ आणि ‘कोन्स्वेग्रा’. म्हणजे लग्नानं दोन घरं एकमेकांची कोण लागतात याचा विचार त्यांच्या भाषेतही झालेला आहे. हे तुम्ही घरात सांगाल तर सासूबाईंना बरं वाटेल.

मान कसा दाखवायचा ते सांगते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’, आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. विहीणबाईंना ‘उस्तेद’च म्हणा. कोलंबियात ‘उस्तेद’ फार वापरतात, कितीतरी घरांत मुलं आईवडिलांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. मेदेयिनकडे आपापसात ‘तू’च्या जागी ‘बोस’ही ऐकू येईल, त्याकडे लक्ष देऊ नका. हाक मारताना नावाआधी ‘दोन्या’ लावा: विहीणबाईंचं नाव मारिया असेल तर ‘दोन्या मारिया’. आडनावाला ‘दोन्या’ लावत नाहीत, नावालाच लावतात. सून तुम्हालाही नावानंच हाक मारील, कदाचित ‘दोन्या’ लावून. आपल्याकडे सासूला नावानं हाक मारत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा दचकायला होईल. पण त्यांच्याकडे तो अनादर नाही हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

सासूबाईंबद्दल दोन वाक्यं जरूर बोला. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्या ब्याऐंशीच्या आहेत, ठेंगण्या, अजून नऊवारी नेसतात, कमरेला पानाची चंची असते आणि आल्यागेल्याच्या हातावर काहीतरी खायला ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. यातलं एवढं तुम्हाला सहज म्हणता येईल: ‘त्येने ओचेन्ता इ दोस आन्योस. एस बाहीता. एस मुइ कारिन्योसा.’ ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, ठेंगण्या आहेत, फार मायाळू आहेत. नऊवारी आणि चंचीला शब्द शोधत बसू नका. सासूबाईंनाच जरा पुढे बसवा आणि चंची उघडून दाखवू द्या, ते लोक आपणहून विचारतील.

कोणी तुमची ओळख करून दिली की ‘मूचो गुस्तो’ म्हणा, भेटून आनंद झाला. आणि फोन ठेवताना ‘आकी त्येनेन सु कासा’, हे घर तुमचंच समजा. लॅटिन अमेरिकेत पाहुण्याला असंच म्हणतात, त्यामुळे ते त्यांना लगेच ओळखीचं वाटेल.

स्पॅनिश फॉर्मवर ‘पहिलं आडनाव’ आणि ‘दुसरं आडनाव’ असे दोन रकाने असतात. मला एकच आडनाव. दुसऱ्यात वडिलांचं नाव लिहू का? (एक वाचक, खानापूर)

नाही. ‘प्रिमेर आपेयीदो’ म्हणजे वडिलांकडून आलेलं आडनाव, ‘सेगुन्दो आपेयीदो’ म्हणजे आईकडून आलेलं. वरच्याच नदालचं पूर्ण नाव राफाएल नदाल परेरा. नदाल वडिलांचं, परेरा आईचं. चित्रकार पिकासोही खरं तर पाब्लो रुइस पिकासो. रुइस वडिलांचं आडनाव, आणि जगाला माहीत झालं ते आईचं. स्पेनमध्ये २००० सालापासून आईचं आडनाव आधी लावायचीही मुभा आहे. लग्नानंतर तिथे बाई आडनाव बदलत नाही, म्हणून नदालची पत्नी पेरेयोच राहिली.

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते आडनाव नव्हे. तुम्ही पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. घरच्यांची ओळख करून देताना लग्न झालेल्या बहिणीचं आडनाव वेगळं का, असा प्रश्न तुम्हाला येऊ शकतो. उत्तर तयार ठेवा: ‘मि एर्माना एस्ता कासादा’, माझ्या बहिणीचं लग्न झालंय.

मी चिकोडीजवळच्या शाळेत शिकवते, फावल्या वेळात स्पॅनिश शिकते. माणसाचं वर्णन करताना गोरा, सावळा यांना काय म्हणायचं? आणि ‘आहे’ला ‘एस’ कधी, ‘एस्ता’ कधी?

बाई, पहिल्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. रंगापासून सुरुवात करायची आपली सवय दुसऱ्या भाषेत नेऊ नका. ‘मोरेनो’, ‘मोरेना’ हा शब्द तुम्हाला पुस्तकात भेटेल. पण स्पेनमध्ये त्याचा अर्थ पुष्कळदा काळ्या केसांचा असा होतो आणि लॅटिन अमेरिकेत वर्णही होतो, तेव्हा तो तुम्हाला हवं ते सांगेलच असं नाही. आपल्या मुलींना लहानपणापासून सावळी म्हणून ऐकावं लागतं. निदान नव्या भाषेत तरी त्यांची ओळख केस, डोळे, उंची, चष्मा आणि स्वभाव यांवरून होऊ द्या.

विशेषणं बदलतात ती आपल्यासारखीच. मोठा-मोठी बदलतं तसं उंच मुलगा ‘आल्तो’, उंच मुलगी ‘आल्ता’. आणि हुशार जसा मुलालाही हुशार, मुलीलाही हुशार, तसा ‘इन्तेलिहेन्ते’ बदलत नाही. मराठी माणसाला हा भाग सोपा जातो.

‘एस’ आणि ‘एस्ता’ थोडं समजून घ्यावं लागतं. माणूस कोण, कसा, काय करतो याला ‘एस’. आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, कुठे आहे याला ‘एस्ता’: ‘एस्ता कान्सादो’, दमलाय. ‘एस्ता हुबिलादो’, निवृत्त आहे. मघाशी ‘एस्ता कासादा’ आलं तेही यातलंच. याच्या जोडीला ‘ही’ या अर्थाचा ‘एस्ता’ वेगळा आहे: ‘एस्ता एस मि माद्रे’, ही माझी आई. ‘आहे’वाल्या शब्दात जोर शेवटच्या ‘ता’वर येतो, ‘ही’वाल्यात पहिल्या ‘ए’वर. व्यवसाय सांगताना ‘एक’ लावत नाहीत, हेही मराठीसारखंच.

वडगावच्या एका मुलीनं वडिलांवर लिहिलेला परिच्छेद तुम्हाला देते, तिच्या परवानगीनं. ‘मि पाद्रे एस तेहेदोर. त्येने दोस तेलारेस एन कासा. येबा गाफास. त्येने लोस देदोस लार्गोस. ले गुस्ता एल ते.’ वडील विणकर आहेत, घरात दोन माग आहेत, चष्मा लावतात, बोटं लांब आहेत, त्यांना चहा आवडतो. पहिल्या पातळीचेच शब्द आहेत, पण वाचल्यावर माणूस समोर उभा राहतो. शेवटचं वाक्य बघा: ‘ले’ म्हणजे ‘त्यांना’. चहा त्यांना आवडतो, मराठीत म्हणतो तसंच. मुलांना शिकवताना बोटांसारखी एक तरी बारीक गोष्ट लिहायला लावा. वर्गातले सगळे ‘आल्तो इ सिम्पातिको’, उंच आणि मनमिळाऊ, वडील एकसारखेच होऊन जातात.

मी संकेश्वरचा, गोव्यात हॉटेलात कामाला आहे. स्पेनचे पाहुणे आपुलकीनं घरच्यांबद्दल विचारतात. माझे वडील वारले. प्रत्येक वेळी मी ‘मि पाद्रे एस’ म्हणतो आणि मग गप्प होतो. काय म्हणू?

दादा, यासाठी भूतकाळाचे तीन-चार शब्द आत्ताच शिकून घ्या. पहिल्या पुस्तकात ते उशिरा येतात, पण तुम्हाला ते आज लागतात. ‘मि पाद्रे मुर्यो एन…’ आणि पुढे साल, म्हणजे माझे वडील अमुक साली वारले. ‘फायेस्यो’ म्हटलं तर आपल्या ‘निधन झालं’च्या जवळ जातं. नाव सांगताना ‘से यामाबा’. बाकीच्या वर्णनाला ‘एस’च्या जागी ‘एरा’ घ्या. आणि वडिलांचा उल्लेख आला की स्पॅनिश माणसं मध्येच ‘के एन पास देस्कान्से’ म्हणतात, त्यांच्या आत्म्याला शांती लाभो. तुम्हीही म्हणा: ‘मि पाद्रे, के एन पास देस्कान्से, एरा आग्रिकुल्तोर’, वडील, देव त्यांना शांती देवो, शेतकरी होते.

समोरचा ‘लो स्येन्तो मूचो’ म्हणेल, मला फार वाईट वाटतं. त्यावर ‘ग्रासियास’ एवढं पुरे. घरात आता कोण आहे हे सांगायचं असेल तर थेट ‘बीबो कोन मि माद्रे इ मि एर्मानो’ म्हणा. आई विधवा आहे असं वेगळं सांगायची गरज नसते, कोणी विचारतही नाही.

वडील ऊस लावायचे असं तुम्ही लिहिलंय, तेही सांगा: ‘कुल्तिबाबा कान्या दे आसूकार’. स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादाच्या किनारपट्टीवर, शेकडो वर्षं ऊस होत होता. तिकडचा पाहुणा असेल तर तो पुढचं बोलणं स्वतःच काढेल, आणि मग तुम्हाला पेरणी, तोडणी, कारखाना यांचे शब्द लागतील. ते हवे असतील तर पुन्हा लिहा, मी पाठवते.